मुणगेकरांचं अपेक्षित आयुष्य

साईनाथ मुणगेकर अजून किती वर्षं जगणार हे ठरल्याशिवाय त्यांचे पैसे कुठे ठेवायचे ते ठरत नव्हतं. आणि पैसे कुठे ठेवायचे ते एकतीस मार्चच्या आत ठरवणं भाग होतं.

भानगड तशी साधी होती. मुणगेकरांच्या पीपीएफ खात्याची मुदत गेल्या वर्षी संपली. पोटाला चिमटा काढून भरलेली रक्कम, वर व्याज, आणि त्या व्याजावर एक पैशाचा कर नाही. आता एक तर तेच खातं पुढे चालू ठेवायचं, नाहीतर पैसे काढून पेन्शन योजनेत घालायचे आणि रिटायर झाल्यावर मरेपर्यंत महिन्याला घरबसल्या खायचे. खातं चालू ठेवायचं तर वर्षाच्या आत बँकेत अर्ज द्यावा लागतो. नाही दिला, तर पुढे त्यात भर घालता येत नाही. दुसऱ्या कुठल्या घरात हा निर्णय एखाद्या रविवारी चहाबरोबर उरकला असता. डोंबिवलीतल्या मुणगेकरांच्या घरी तो वर्षभर चघळला जात होता.

"पेन्शन म्हणजे पेन्शन," मुणगेकर म्हणायचे. "बाबांना होती. एक तारखेला बँकेत जायचे, येताना खारे शेंगदाणे आणायचे. म्हातारपणीसुद्धा एक रुबाब होता."

"बाबांना सरकारनं दिलेली," मुणगेकरांच्या पत्नी वैशालीवहिनी म्हणायच्या. "तुम्ही स्वतःचेच पैसे स्वतःला हप्त्याहप्त्यानं देणार आणि वर त्याच्यावर टॅक्स भरणार. रुबाब कसला त्यात? पीपीएफ राहू दे. लागले तर काढता येतात, सगळं टॅक्स-फ्री."

"लागले तर म्हणजे तू लगेच किचन तोडून नवीन करणार."

"आणि तुम्ही शेंगदाणे आणणार."

इथे गाडी अडायची ती अडायचीच.

शेवटी मार्च उजाडला तेव्हा मुणगेकरांनी एक आगाऊपणा केला. वहिनींच्या मावसबहिणीचा मुलगा अपूर्व, यानं ठाण्याला नौपाड्यात गुंतवणूक सल्ल्याचं छोटंसं ऑफिस थाटलं होतं. शनिवारी 'कंपनीत काम आहे' असं सांगून मुणगेकर एकटेच त्याच्याकडे गेले. हेतू स्वच्छ नव्हता. पोराला आधीच आपल्या बाजूला वळवायचं आणि मग दोघांनी मिळून जायचं, असा बेत होता.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळाला हाडांचे डॉक्टर, पहिल्या मजल्यावर हृदयाचे. नौपाड्यात एखादा माणूस डॉक्टरकडे न जाता नुसता जिना चढतो असं कुणाच्या मनातही येत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अपूर्वनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक चौकट रिकामी होती आणि तिच्या शेजारी लिहिलेलं होतं, 'अपेक्षित आयुष्य'.

"हे कुणाचं?" मुणगेकरांनी विचारलं.

"तुमचंच, काका. बघा ना, पेन्शन कुणाला परवडते? जो खूप जगतो त्याला. लवकर कोणी... म्हणजे मी जनरल बोलतोय हां. त्याला मग पीपीएफच बरं. मी नेहमी सगळ्यांना पंच्याऐंशी टाकतो."

"पंच्याऐंशी कशावरून?"

"कशावरून नाही. पण तुम्हाला करेक्ट हवं असेल तर घरातले लोक केवढे होऊन गेले ते विचारून सांगा. बाबा, आजोबा, काका वगैरे. त्यावरून अंदाज येतो."

बाकी सगळं ऐकायला मुणगेकर थांबले नाहीत. आयुष्यभर डिस्पॅच खात्यात काढलेला माणूस. माल कधी निघणार ते ठाऊक नसताना कागद पुढे करायचा नाही, हा त्यांचा नियम. "आणि हे बघ, मावशीला मी आलेलो ते बोलू नकोस," एवढं बजावून ते उठले. उतरताना पहिल्या मजल्यावर जरा दम लागला, म्हणून पायरीवर टेकले आणि रुमालानं घाम पुसला.

घराण्याची माहिती एकाच माणसाकडे होती. थोरली बहीण सुमतीताई, मुक्काम ठाण्यातच, टेंभी नाका. सगळ्यांच्या जन्मतारखा, तिथ्या आणि श्राद्धं तिला तोंडपाठ. मुणगेकरांनी पाडव्याला शुभेच्छा द्यायला फोन केला आणि हळूच विषय काढला.

"ताई, बाबा गेले तेव्हा केवढे होते गं?"

"सणासुदीला हे काय रे?"

"असंच. आणि आजोबा?"

"साई, तुला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय. अण्णाकाकांचं पण सांग ना. त्यांना हार्टचं होतं की नुसतं वय झालेलं?"

आता सरळ सांगून टाकायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. हरकत होती. ताईला पैशाचा वास लागला असता तर तिची पोस्टात एजंट असलेली मैत्रीण संध्याकाळच्या आत डोंबिवलीत येऊन बसली असती. पैशाबद्दल नातेवाइकांशी बोलायचं नाही आणि मरणाबद्दल कुणाशीच बोलायचं नाही, अशी या घराची रीत. दोन्ही वगळल्यावर बोलायला नुसती वयं उरली. त्यात वहिनींनी मागून येऊन कडुलिंबाच्या चटणीची गोळी तोंडात कोंबली, ती घशात अडकली आणि मुणगेकर फोनवर असा खोकला खोकले की ताईनं डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

मुणगेकरांच्या घराण्यात आजारी माणसाला आजार विचारत नाहीत. त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. मुणगेकर आंघोळीला गेल्याचा अंदाज घेऊन ताईनं दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना फोन लावला.

"वैशाली, तो तुला काही बोलला का गं?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे तुलाही नाही. ऐक, घाबरू नकोस. शनिवारी आमच्या शेजारच्या बाईंनी त्याला नौपाड्यात पाहिला. हार्टच्या डॉक्टरांच्या जिन्यात बसलेला, घाम पुसत. आणि काल मला विचारतो, बाबा केवढे होऊन गेले, अण्णाकाका कशानं गेले. माझ्या काळजाचं पाणी झालं."

वहिनी मटकन खाली बसल्या. शनिवारी तर ते कंपनीत गेले होते. निदान तसं सांगून गेले होते.

"मी विचारते त्यांना."

"अजिबात विचारू नकोस. त्यानं लपवलंय म्हणजे तुला जपण्यासाठीच. विचारलंस तर खचेल तो. तू आपली हसतमुख राहा."

वहिनी हसतमुख राहिल्या. इथूनच मुणगेकरांच्या आयुष्यातले सर्वांत भयंकर दिवस सुरू झाले.

पहिला धक्का चहानं दिला. महिन्यापूर्वी कंपनीच्या तपासणीत साखर जरा काठावर निघाली होती. त्या दिवसापासून वहिनींनी घरातला साखरेचा डबा माळ्यावर टाकला होता आणि मुणगेकर दोन वेळ बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पीत होते. त्या संध्याकाळी त्यांनी घोट घेतला आणि चहा गोड लागला. चांगला दोन चमचे गोड.

"वैशाली, यात साखर पडलीय."

"पडू दे हो," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. "घ्या मनासारखा."

रात्री जेवायला श्रीखंड होतं. एक वाटी संपली तर दुसरी आली. मुणगेकरांचा हात थांबला. ज्या बाईनं वर्षाच्या सणाला त्यांना अर्ध्या पोळीवर उठवलं होतं, ती आता समोर बसून वाटी भरत होती आणि मधेच पदर डोळ्यांना लावत होती. माणसाचं पथ्य दोनच कारणांनी सुटतं. एक तर तो बरा होतो. दुसरं कारण मुणगेकरांना मनात आणवेना.

तो तपासणीचा रिपोर्ट वहिनींच्या मोबाईलवर आला होता. 'सगळं ठीक आहे, फक्त साखर,' असं त्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. ठीक होतं तर त्या आता रडत का होत्या?

दुसरा धक्का दिवा गावाहून आला. मुणगेकरांचा चुलतभाऊ नयन, यानं घर लावताना त्यांचं ड्रिल मशीन नेलं होतं. त्यानंतर त्याची मुलगी शाळेत जायला लागली, पण ड्रिल काही परत आलं नाही. मागितलं की तो म्हणायचा, "दादा, ड्रिल कुठे पळून चाललंय?" तोच नयन रविवारी सकाळी पुसून चकाचक केलेलं ड्रिल पिशवीत घालून दारात उभा. सोबत शहाळी.

"कशाला उन्हाचं आलास?" मुणगेकर म्हणाले.

"नाही दादा, म्हटलं राहायला नको. तुझी वस्तू तुझ्या हातात असलेली बरी." त्यानं वाकून नमस्कार केला. नयननं याआधी नमस्कार केला होता तो त्याच्या लग्नात, तोही भटजींनी सांगितल्यावर. "माझं काही चुकलंमाकलं असेल तर मनात ठेवू नको हां."

मुणगेकर ड्रिल मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

तिसरा धक्का मात्र वर्मी बसला. मुणगेकर वरच्या मजल्यावर राहायचे आणि गच्चीतून त्यांच्या हॉलच्या भिंतीत पाणी उतरायचं. सोसायटीचे सेक्रेटरी खानविलकर यांच्याशी त्यावरून त्यांचं हाडवैर होतं. 'गळती नाही, तुमच्या श्वासाचा दमटपणा आहे,' असं खानविलकर भर सभेत म्हणाले होते. ते खानविलकर जिन्यात भेटले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मुणगेकर, तुमची भिंत करून घेऊ आपण. मंगळवारीच माणूस पाठवतो. वॉटरप्रूफिंगच करू सरळ. तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्ही कसलंच टेन्शन घेऊ नका."

जगात काहीही फुकट मिळेल, पण खानविलकर गच्चीला हात लावतील तर त्यामागे कारण तसंच मोठं असणार. म्हणजे सोसायटीलाही कळलं होतं. साऱ्या गावाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त ज्याचं होतं त्याला.

दुपारी वहिनी झोपल्या असताना त्यांनी मोबाईल घेतला आणि बाल्कनीत जाऊन रिपोर्ट उघडला. पानंच्या पानं इंग्रजी. मध्येमध्ये लाल अक्षरं, शेजारी खाली तोंड केलेले बाण. एक बाण ड जीवनसत्त्वाजवळ होता, पण मुणगेकरांनी तिथवर वाचलंच नाही. लाल दिसल्याबरोबर त्यांनी फोन बंद करून जागच्या जागी ठेवला. वहिनींना उठवून विचारावं असं दहादा मनात आलं. पण बिचारी एवढं हसून साजरं करतेय, तिचं उसनं अवसान कशाला मोडा?

ती झोपली होती त्या खाटेकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. नोकरी तिनं मुलीसाठी सोडलेली. शिवानी आता पुण्यात, तिच्या संसारात. आपण गेल्यावर या बाईच्या हातात काय राहणार? मरेपर्यंतची पेन्शन म्हणे. कुणाच्या मरेपर्यंतची? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वर्षभर आपण शेंगदाण्यांसाठी भांडलो.

पीपीएफ. सगळे पैसे तिला, करमुक्त, कुणाचं तोंड बघायला नको. आणि किचन तोडायचं असेल तर खुशाल तोडू दे, असं त्यांनी ठरवलं आणि मग त्यांना खरंच रडू आलं.

एकतीस मार्चला मुणगेकर कंपनीत जातो म्हणून निघाले आणि नौपाड्यात उतरले. खातं तिथल्याच बँकेत होतं, मुणगेकर पूर्वी ठाण्याला भाड्यानं राहायचे तेव्हाचं. अर्ज कसा भरायचा ते अपूर्वला विचारून बँकेत जायचं, एवढंच काम. पहिल्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टरांच्या दाराशी ते घुटमळले. आत जाऊन दाखवावं का? नको. आधी तिचं काम, मग आपलं. ते तसेच वर चढले.

दार ढकललं तर आत वैशालीवहिनी.

त्या टेंभी नाक्याला ताईकडे जाते म्हणून निघाल्या होत्या. समोर पाण्याचा ग्लास, हातात चुरगळलेला रुमाल. टेबलापलीकडे अपूर्व कावराबावरा होऊन बसला होता.

"काका, तुम्ही पण?" तो म्हणाला. "बरं झालं. मावशी कधीच्या रडतायत आणि म्हणतायत, सगळे पैसे पेन्शनमध्ये टाक. मला काहीच समजेना."

"पेन्शन?" मुणगेकर दारातच थांबले. "तू? तुला तर पीपीएफ हवं होतं."

"नकोय मला पीपीएफ." वहिनींनी मान वर केली नाही. "पेन्शनच घ्यायची. जास्तीत जास्त वर्षांची. त्या चौकटीत शंभर टाक रे अपूर्व."

"वैशाली, ऐक. त्यात तुझं नुकसान आहे. मी हिशोब केलाय. माझ्यामागे तुला..."

"मला नाही ऐकायचं माझ्यामागे बिमागे. पीपीएफला हो म्हटलं म्हणजे तुम्ही जाणार हे मी मान्य केल्यासारखं होईल. मी नाही मान्य करणार. नुकसान झालं तर झालं."

मुणगेकर शेजारच्या खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई कधी नुकसानीला तयार झाली नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीतसुद्धा नाही.

"म्हणजे डॉक्टरांनी तुला सगळं सांगितलंय," ते म्हणाले. "किती दिवस आहेत गं?"

आता वहिनींनी मान वर केली. "मला कुठला डॉक्टर सांगणार? तुम्ही दाखवलंत ना खालच्या डॉक्टरांना? शनिवारी?"

"मी? मी तर अपूर्वकडे आलेलो."

"मग जिन्यात का बसलेलात घाम पुसत?"

"लिफ्ट नाही म्हणून."

"आणि ताईंना सगळ्यांची वयं का विचारलीत?"

मुणगेकरांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. ती चौकट अजून रिकामी होती.

मग वहिनींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी डोळे विस्फारले, मग ओठ थरथरले, आणि मग ज्या हातात रुमाल होता त्याच हातानं त्यांनी मुणगेकरांच्या दंडावर एक सणसणीत फटका दिला.

"श्रीखंडाच्या दोन दोन वाट्या दिल्या मी तुम्हाला. साखर काठावर असताना. काही झालं असतं म्हणजे?"

"त्या दोन वाट्यांनीच मी मेलो होतो," मुणगेकर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला आणि ते हसायला लागले. वहिनीपण हसायला लागल्या आणि त्यातच परत रडल्या. अपूर्वनं दोघांसाठी पाणी ओतलं आणि घाबरत घाबरत घड्याळाकडे बघितलं.

"काका, बँक बंद होईल. काय करायचं ते सांगा."

"पेन्शन," मुणगेकर म्हणाले. मरण टळल्याबरोबर त्यांना शेंगदाणे आठवले होते.

"पीपीएफ," वहिनी म्हणाल्या. "हे आता पंच्याऐंशीपर्यंत घरात बसणार. हातात पैसा नको?"

"तू आत्ता शंभर म्हणत होतीस."

"मी एक सांगू?" अपूर्व मध्येच बोलला. "पीपीएफ चालू ठेवू. त्यातनं थोडे काढता येतात, ते पेन्शनला लावू. आणि पेन्शन दोघांची मिळून घ्यायची. एक गेलं तरी दुसऱ्याला चालू राहते, पुढे मुद्दल शिवानीताईला. मी हे त्या शनिवारीच सांगणार होतो, पण काका उठून गेले."

वहिनींनी मुणगेकरांकडे बघितलं. मुणगेकर खिडकीबाहेर बघत होते. मग तिघंही जिना उतरून बँकेत गेले आणि शटर पडायच्या आधी अर्ज आत पोचला.

घरी आल्यावर ताईला फोन करून सगळं सांगायचं, नयनला शहाळ्यांबद्दल झापायचं, असं रिक्षात ठरलं. पण जिन्यातच वाळू आणि सिमेंटची पोती दिसली. खानविलकर एक दिवस आधीच माणूस घेऊन हजर होते आणि गच्चीच्या दारात उभं राहून काम दाखवत होते.

वहिनी पायरीवर थबकल्या. भिंतीवरचे ते काळे ओघळ, दर पावसात सरकवावा लागणारा सोफा, चार वर्षांच्या सभा, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"अहो," त्या पुटपुटल्या, "ताईंना उद्या सांगू. आज तुम्ही जरा माझा हात धरून चढा."

"वैशाली, हे बरं नाही."

"पाऊस येणार आहे."

मुणगेकर हात धरून चढले. खानविलकर लगबगीनं खाली आले, त्यांना घरात सोफ्यावर बसवलं, पाठीला उशी दिली. "कुठे गेला होतात एवढ्या उन्हात?" त्यांनी काळजीनं विचारलं. मुणगेकरांनी डोळे मिटून उशीला मान टेकवली.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. साखरेचा डबा पुन्हा माळ्यावर गेला होता. मुणगेकरांनी सवयीनं मोठा घोट घेतला, आणि त्या कडू चहानं त्यांचं तोंड असं वाकडं झालं, की खानविलकरांच्याच्यानं ते बघवेना. ते तसेच दारात गेले आणि गच्चीकडे तोंड करून ओरडले, "अरे, एक नको, दोन कोट मार."

मुणगेकरांनी दुसरा घोट घेतला. इतका चांगला चहा त्यांनी बऱ्याच दिवसांत प्यायला नव्हता.